शाळा वाड्यावर, किल्ली पर्वरीत

पेडणे आणि डिचोली हे दोन्ही तालुके नव्या काबिजादीतले. पोर्तुगिजांच्या ताब्यात ते अठराव्या शतकाच्या अखेरीस आले. तोवर जुन्या काबिजादीतली देवळे मोडण्याची लाट ओसरली होती, त्यामुळे इथली देवळे टिकली, मंडपात बसून शिकवणारा पंतोजी टिकला आणि त्याच्याबरोबर मराठी अक्षरही टिकले. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला आणि दोन वर्षांनी, १९६३ च्या डिसेंबरात, दयानंद बांदोडकर पहिले मुख्यमंत्री झाले. भाऊसाहेब पेडण्याचेच. त्यांच्या सरकारने वाड्यावाड्यावर मराठी प्राथमिक शाळा काढल्या. इमारत नव्हती तिथे देवळाच्या अग्रशाळेत किंवा कोणाच्या तरी पडवीत वर्ग भरले. ज्या घरात कोणाला सही करता येत नव्हती, त्या घरातून एका पिढीत शिक्षक, परिचारिका, कारकून, वकील निघाले. गोव्याच्या साठ वर्षांतली एवढी मोठी दुसरी घडामोड मला दाखवता येणार नाही.

त्यांतल्या कित्येक शाळांच्या पटावर आज सात, नऊ, अकरा अशी मुले आहेत. या शाळा चालू ठेवायच्या की शेजारच्या शाळेत मिसळायच्या, हा वाद दोन्ही तालुक्यांत घरोघरी चालतो. ग्रामसभेत, लग्नाच्या मांडवात, कदंबच्या बसमध्ये तो मी ऐकत आलो आहे. खाली बोलणारी दोन माणसे त्या ऐकण्यातूनच उभी केली आहेत. बाई डिचोली तालुक्यातल्या, सरकारी प्राथमिक शिक्षिका म्हणून निवृत्त झालेल्या. नोकरीची बरीच वर्षे त्यांनी पेडण्यात काढली. पंच हा तिथला त्यांचा जुना विद्यार्थी, आता स्वतःच्या वाड्यातून निवडून आलेला. शाळा वाचवा असे बाई म्हणतील आणि खर्चाचा हिशेब पंच मांडेल, असे वाटेल. पण ज्यांनी एकशिक्षकी शाळा आतून पाहिली आहे त्यांचे मत बहुधा वेगळे असते.

पंच : बाई, आमची शाळा पलीकडच्या गावातल्या शाळेत मिसळायची, असं पुन्हा कानावर येतंय. सात मुलं आहेत. ग्रामसभेत मी विरोध करणार. तुम्ही त्या शाळेत इतकी वर्षं काढलीत, तुम्ही येऊन दोन शब्द बोललात तर लोक ऐकतील.

बाई : मी आले तर मिसळा म्हणून सांगेन.

पंच : तुम्ही?

बाई : मीच. शेवटची वर्षं मी एकटी होते तिथं. पहिलीला अक्षरं गिरवायला द्यायची, तोवर दुसरीला पाढे, तिसरीला उतारा, चौथीला गणित. त्यात माध्यान्ह आहार यायचा. तो मोजून घ्यायचा, वाढायचा, वहीत नोंद करायची. भागशिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयातून माहिती मागवली की ती त्याच दिवशी हवी. निवडणूक आली की मतदारयादी. मी रजा घेतली तर शेजारच्या शाळेतली बाई इकडे यायची, म्हणजे त्या दिवशी तिची शाळा अर्धी. तू चौथीत होतास तेव्हा आम्ही तिघं होतो आणि पट साठाच्या वर होता. आज त्या सात मुलांना एकच बाई मिळते, आणि तिचाही प्रत्येक वर्गाच्या वाट्याला चौथा हिस्सा.

पंच : मग दुसरी बाई द्या की! २००९ चा शिक्षणहक्क कायदा काय सांगतो? साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक. पट सात असला तरी दोन. म्हणजे एकशिक्षकी शाळा मुळात कायद्यातच बसत नाही. ज्या सरकारनं कायद्याप्रमाणे दुसरा शिक्षक दिला नाही, त्यानंच शाळा चालत नाही म्हणून सांगायचं?

बाई : हे तू बरोबर बोलतोस. आणि हे आपल्यापुरतंच नाही. केंद्राच्या २०२४-२५ च्या आकडेवारीत देशातल्या एक लाखाहून जास्त शाळा एकशिक्षकी आहेत. पण उद्या दुसरी बाई आली असं समज. पहिलीत एकच मुलगी आहे. तिला मैत्रीण कुठून देशील? खो-खोचा डाव मांडता येत नाही. नाटुकलं बसवायचं तर पात्रं पुरत नाहीत. मूल फळ्याकडून जेवढं शिकतं त्याहून जास्त शेजारच्या मुलाकडून शिकतं. ते शेजारचं मूल सरकारला नेमता येत नाही.

बाईंच्या या शेवटच्या वाक्याला पंचाकडे उत्तर नव्हते, आणि माझ्याकडेही नाही. २०२२ मध्ये कमी पटाच्या शाळांच्या विलीनीकरणाचा विषय सरकारकडून निघाला तेव्हा गोवाभर विरोध झाला. तेव्हाच्या भाषणांत भाषा होती, अस्मिता होती, भाऊसाहेबांचा वारसा होता. पहिलीत एकटी बसलेली मुलगी फारशी नव्हती.

पंच : मूळ प्रश्न वेगळा आहे. मुलं गेली कुठं? गोव्यात मुलं कमी जन्मतात हे मान्य. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, २०१९ ते २१ च्या, एका स्त्रीमागे सरासरी १.३ असा आकडा आहे. पण माझ्या वाड्यावरची शाळेच्या वयाची मुलं मी घरोघरी जाऊन मोजली. शाळेत बसतात त्यांच्या दुपटीहून जास्त मुलं सकाळी बालरथात बसून बाहेर जातात. बालरथ कोणाचा? अनुदानित शाळेचा. गाडी सरकारच्या योजनेतली, चालकाला, मदतनिसाला, देखभालीला पैसे सरकारचे. सरकार वाड्यावरच्या शाळेचा पगारही देतं आणि त्या शाळेची मुलं उचलून नेणाऱ्या बसचा खर्चही देतं. मग पट घसरला की आमच्याकडे बोट दाखवतं!

बाई : आईच्या जागी उभा राहून बघ. ती मोपाला विमानतळावर कामाला जाते, किंवा तुयेच्या औद्योगिक वसाहतीत. साडेसातला तिला घर सोडायचं असतं. बस दारात येते, मूल सुरक्षित जातं. शिवाय ही गोष्ट पहिलीत सुरू होत नाही, तिसऱ्या वर्षी सुरू होते. आपली सरकारी शाळा पहिलीपासून. तोवर मूल तीन वर्षं कुठल्या तरी संस्थेच्या बालवर्गात गेलेलं असतं. त्याचे मित्र तिथं, ओळखीची बाई तिथं. सहाव्या वर्षी त्याला तिथून उचलून सरकारी शाळेत आणायला कुठली आई तयार होईल?

पंच : अंगणवाडी आहे ना वाड्यावर.

बाई : आहे. पुष्कळ ठिकाणी शाळेच्या आवारातच आहे. पण ती महिला आणि बालविकास खात्याची, शाळा शिक्षण खात्याची. अंगणवाडीतलं कुठलं मूल पुढच्या जूनमध्ये पहिलीत येणार, याची यादी दोघींनी मिळून करायची अशी रीत मी कुठं पाहिली नाही. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण म्हणतं की वय तीन ते आठ हा एकच पायाभूत टप्पा. गोव्यात २०२३ पासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली. त्या टप्प्याची पहिली तीन वर्षं ज्याच्या हातात, मूल त्याचं. वाड्यावरची शाळा तिथंच हरते, बालरथ नंतर येतो.

पंच : म्हणजे तुम्ही माझंच म्हणणं मांडताय. शाळेला बालवर्ग द्या, दुसरी शिक्षिका द्या, बालरथ द्या, मग पट बघा.

बाई : देणार कोण? आणि कधी?

इथे माध्यमाचा विषय टाळून पुढे जाता येत नाही. १९९० मध्ये शशिकलाताई काकोडकर शिक्षणमंत्री असताना सरकारने ठरवले की प्राथमिक शाळेला अनुदान हवे तर शिक्षण मराठीत किंवा कोंकणीत द्यावे. चर्चच्या संस्थांच्या शाळांनी तेव्हा इंग्रजी सोडून कोंकणी घेतली. २०११ मध्ये दिगंबर कामत यांच्या सरकारने इंग्रजीलाही अनुदानाचे दार उघडले. त्यावर भारतीय भाषा सुरक्षा मंचाचे आंदोलन उभे राहिले, पुढे मनोहर पर्रीकरांच्या काळातही ते धगधगत राहिले आणि २०१६ मध्ये गोव्यातल्या राष्ट्रीय स्वयंसेवक संघात फूट पडण्यापर्यंत गेले. मधल्या काळात, २०१४ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने कर्नाटकाच्या खटल्यात निकाल दिला की प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेची सक्ती सरकारला करता येणार नाही. हा सगळा लढा मनापासून झाला. त्यातल्या मराठी-कोंकणीच्या बाजूशी माझे मन आजही आहे. तरी मला दिसते ते असे की तीस-पस्तीस वर्षे दोन्ही बाजू अनुदान कोणाला मिळावे यावर लढल्या, आणि जी शाळा पूर्ण सरकारी, पूर्ण मराठी, आपल्याच वाड्यावर होती, तिचा बालवर्ग, तिचा दुसरा शिक्षक, तिचे गळके छप्पर यांसाठी कोणी उपोषणाला बसले नाही. संस्थेच्या शाळेला चालक असतात, ते मंत्र्याला भेटतात. सरकारी शाळेला असा कोणी नसतो.

पंच : तेच मी सांगतोय, बाई. मी पंच आहे. माझ्या वाड्यातला रस्ता, गटार, दिवा मला विचारून होतो. शाळेचं कौल फुटलं की लोक माझ्याच दारात येतात. माझ्या हातात काय आहे? ठराव. तो भागशिक्षणाधिकाऱ्यांकडे जातो, तिथून म्हापशाच्या विभागीय कार्यालयात, तिथून पर्वरीला संचालनालयात. दुरुस्ती मोठी असली तर बांधकाम खातं किंवा साधनसुविधा विकास महामंडळ. कौल बदलायला पावसाळा यावा आणि जावा लागतो. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीतलं अकरावं परिशिष्ट काढून बघा. पंचायतींकडे देण्याच्या विषयांत सतरावा विषय आहे शिक्षण, प्राथमिक आणि माध्यमिक. आपला पंचायत राज कायदा १९९४ चा. उत्तर गोव्याची जिल्हा पंचायत आहे, निवडणुका होतात, मोटारी फिरतात. तिच्या ताब्यात शाळा एकही नाही. गोव्यात पहिलीच्या वर्गाचा कारभार थेट राज्याचं संचालनालय बघतं. न्हयबागहून पूल ओलांडला की सातार्डा. तिथली शाळा १९६२ पासून जिल्हा परिषदेची. शिक्षण समिती आहे, सभापती आहे. लोक त्याला जाऊन विचारू शकतात.

बाई : विचारू शकतात, आणि पुढं? सिंधुदुर्गात डोंगरातल्या शाळांचे पट आपल्यासारखेच आहेत. महाराष्ट्र सरकारनं २०२३ मध्ये वीसच्या आतल्या शाळांसाठी समूह शाळांची कल्पना पुढं आणली, तोरणमाळ आणि पानशेतचे नमुने दाखवले. जिल्हा परिषद असूनही. २०२२ मध्ये तिथल्या जिल्हा परिषदेची मुदत संपली तर निवडणूकच लांबली, वर्षानुवर्षं कारभार प्रशासकाकडे. सभापतीच नव्हता, तर विचारायचं कोणाला? आणि दुसरी गोष्ट. शाळा पंचायतीच्या हातात गेली की बाईची बदली कोण करणार? सरपंच. गावात दोन पॅनल. एका पॅनलच्या माणसाच्या मुलाला मी रागावले तर पुढच्या महिन्यात माझी बदली. पर्वरी लांब होती, हा आम्हा शिक्षकांना आधार होता. तो काढून घेऊ नकोस.

पंच : केरळात शाळा पंचायतींकडे दिल्या, नव्वदच्या दशकात. पण इमारत, सोयी, वर्गाला लागणारं सामान एवढंच पंचायतीकडे. शिक्षकाची नेमणूक, बदली, पगार राज्याकडेच राहिला. तुमची बदली माझ्या हातात मला नकोच. छपराचे पैसे हवेत, आणि शाळा मिसळायची की नाही यावर माझ्या लोकांचं मत विचारात घ्यायची सक्ती हवी.

बाई : छपराचे पैसे कुठून?

पंच : पंचायतीच्या महसुलातून काही, सरकारकडून काही.

बाई : मोरजी, हरमल, मांद्र्याला महसूल आहे. हॉटेलं आहेत, भाड्याच्या खोल्या आहेत. हाळी-चांदेलला काय आहे? इब्रामपूरला काय आहे? अमेरिकेत बहुतेक शाळा-जिल्ह्यांचं निवडून आलेलं मंडळ असतं आणि पैशाचा मोठा हिस्सा तिथल्या घरांवरच्या करातून येतो. तिथं श्रीमंत वस्तीची शाळा श्रीमंत आणि गरीब वस्तीची गरीब, हे दुखणं पिढ्यान् पिढ्या चाललंय. राज्यं वरून पैसे घालून ते भरून काढायला बघतात. आपण मुद्दाम त्या वाटेनं जायचं? पैसा राज्याचाच हवा, मुलाच्या गरजेप्रमाणे.

हा मुद्दा बाईंनी ज्या ठामपणे मांडला त्याच ठामपणे मीही मांडेन. पेडणे तालुक्याच्या किनाऱ्यावरचे गाव आणि तेरेखोल नदीच्या वरच्या अंगाचे गाव यांच्यात आज जमिनीच्या भावाचे जे अंतर आहे, ते शाळेत येऊ द्यायचे नाही. पण पैसा राज्याचा असला म्हणून प्रत्येक निर्णयही राज्याच्या राजधानीत व्हावा असे नाही. इथे तर शिक्षण खाते मुख्यमंत्री डॉ. प्रमोद सावंत यांच्याकडेच आहे, आणि ते डिचोली तालुक्यातल्या साखळीचे आमदार. तालुक्याला याहून जवळचा शिक्षणमंत्री मिळणार नाही. तरी मुख्यमंत्र्याने कौल मोजत बसावे, अशी रचना कोणाच्याच भल्याची नाही.

बाई : शाळेच्या हातात खरा पैसा किती असतो ठाऊक आहे? समग्र शिक्षा योजनेतून शाळेला एकत्रित अनुदान येतं, केंद्राचा वाटा साठ टक्के, राज्याचा चाळीस. पट तीसपर्यंत असेल तर वर्षाला १० हजार रुपये. त्यातला दहावा हिस्सा स्वच्छतेवर खर्च करायचा. उरलेल्यात खडू, वह्या, नळाची तोटी, पंख्याची दुरुस्ती. शंभरपर्यंत पट असेल तर २५ हजार. म्हणजे लहान शाळा अनुदानातही लहानच.

पंच : तेवढे तरी कशावर खर्च होतात ते गावाला कळतं का? कायद्यात शाळा व्यवस्थापन समिती आहे. तीन चतुर्थांश पालक, निम्म्या स्त्रिया. शाळेचा विकास आराखडा त्यांनी करायचा, अनुदानावर लक्ष त्यांनी ठेवायचं. आमच्या समितीतल्या आया मला सांगतात, आम्हाला सही करायला बोलावतात.

बाई : आराखडा बहुतेक ठिकाणी शिक्षकच लिहितो. कारण त्या आयांना तीन वाजता वेळ नसतो आणि खात्याला उत्तर पाचपर्यंत हवं असतं. समितीला अधिकार दिले, वेळ आणि माहिती दिली नाही. आणि खरं विचारशील तर समितीत येणाऱ्या आया आता कोण आहेत? वाड्यावरच्या नाहीत.

हे मात्र खरे आणि महत्त्वाचे. या दोन तालुक्यांतल्या सरकारी शाळेचा पट वाचून बघा. बांधकामावर आलेल्या कानडी मजुरांची मुले, हरमल-मोरजीच्या हॉटेलांत काम करणाऱ्या बिहारी आणि नेपाळी माणसांची मुले, धनगरवाड्यावरची मुले, आणि गावातली अशी काही घरे ज्यांच्याकडे दुचाकी नाही. मोपाचे विमानतळ २०२२ च्या डिसेंबरात उघडले, त्याआधी आणि नंतर पेडण्यात बांधकामाला ऊत आला. त्या प्रत्येक इमारतीमागे कुठल्या तरी वाड्यावरच्या मराठी शाळेत एखाद्या मुलाचे नाव ऑक्टोबरात दाखल झाले आहे आणि एप्रिलात कटले आहे. घरी कानडी किंवा भोजपुरी, रस्त्यावर कोंकणी, शाळेत मराठी. बाई सांगतात, अशी मुले चार-सहा महिन्यांत मराठीत भांडायला लागतात. भाऊसाहेबांनी ज्या मुलांसाठी शाळा काढली ती अशीच होती: आईबापांनी कधी पाटी धरली नाही अशा घरातली.

पंच : म्हणून तर म्हणतो, शाळा वाड्यावर हवी. कायद्याच्या नियमात लहान मुलासाठी एक किलोमीटरची मर्यादा आहे. त्या मजुराच्या मुलाला तीन किलोमीटरवरच्या शाळेत कोण नेणार? ते मूल शाळेत जायचं थांबेल. त्याच्या नावानं ग्रामसभेत ओरडायलाही कोणी नसेल, कारण त्याचा बाप इथला मतदार नाही.

बाई : आणि म्हणूनच मी म्हणते त्या मुलाला चार शिक्षकांची शाळा हवी. ऑक्टोबरात आलेलं, मराठीचा एक शब्द न येणारं मूल घेऊन मी इतर तीन वर्गांचं काय करायचं? चार शिक्षक असतील तर एकजण दोन महिने त्या मुलांकडेच बघेल. तू त्या मुलाला शाळेचं दार देतोस, मी त्याला शिक्षक द्यायला बघते.

पंच : दोन्ही हवं.

बाई : दोन्ही हवं तर बस हवी. मिसळलेल्या शाळेला बालरथ, चालक आणि मदतनीस, पहिल्या दिवसापासून. "विचार करू" असं नको. आमच्या डिचोलीत तर रस्ता ओलांडणं हाच मोठा प्रश्न. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, २०१८ मध्ये पुन्हा बंद झाल्या, लिलाव होऊन २०२४ मध्ये डिचोलीच्या पट्ट्यात काम परत सुरू झालं. मये, शिरगाव, मुळगाव, लामगाव इकडच्या मुलांना खनिजाच्या ट्रकांच्या रस्त्यावरून चालत पाठवायचं नाही. खाणींच्या पैशातून जिल्हा खनिज प्रतिष्ठानाकडे निधी येतो. २०१५ च्या केंद्राच्या योजनेत त्याचा मोठा भाग ज्या कामांना आधी द्यायचा, त्यांत शिक्षण आहे. त्यातून पदपथ करा, बस घ्या. खाणींची धूळ ज्या गावांनी खाल्ली त्या गावांतल्या मुलांचा तो पैसा आहे.

पंच : तुम्ही खर्च सांगता तो मला मान्य आहे. पण खातं शाळा मिसळतं तेव्हा हे काही देईल याची खात्री कोण देणार? शाळा एकदा बंद झाली की इमारत जाते. कुठं क्लबाचं साहित्य पडतं, कुठं रानटी वेली चढतात. पुन्हा उघडलेली शाळा मी पाहिली नाही.

बाई : म्हणूनच मिसळण्याआधी लेखी घ्यायचं. मला आणखी एक हवंय. दहावीचा निकाल लागला की सगळीकडे कौतुक होतं. २०२५ मध्ये गोवा मंडळाचा निकाल ९५.३५ टक्के. चांगलंच आहे. पण माझ्या तिसरीतलं मूल वाचतं का, हे त्या आकड्यातून कळत नाही. निपुण भारत २०२१ मध्ये सुरू झालं, २०२६-२७ पर्यंत तिसरीतल्या प्रत्येक मुलानं समजून वाचावं आणि साधी आकडेमोड करावी असं लक्ष्य आहे. खात्याकडे शाळानिहाय नोंदी जातात. गावाला त्या कधी वाचून दाखवल्यात का?

पंच : आमच्या ग्रामसभेत तरी नाहीत.

बाई : मग तुझ्या ठरावात ते लिही. शाळा चालू ठेवा की मिसळा हे नंतर. आधी चार गोष्टी गावासमोर वाचायच्या: वाड्यावर तीन ते दहा वयाची मुलं किती, ती कुठं जातात, आपल्या शाळेतल्या दुसरी-तिसरीतली किती मुलं वाचतात, आणि मिसळायची असेल ती शाळा किती लांब, कुठल्या रस्त्यानं. वाचून दाखवणार भागशिक्षणाधिकारी, स्वतः येऊन. शिक्षिकेवर ते ढकलायचं नाही.

पंच : आणि निर्णय?

बाई : तालुक्याला. पेडणे तालुक्याची लोकसंख्या २०११ मध्ये पाऊण लाख, डिचोलीची लाखाच्या आत. तेवढ्यांच्या शाळा एका टेबलाशी बसून ठरवता येतात. तिथले पंच, शाळा समित्यांच्या आया, शिक्षकांचे प्रतिनिधी, खात्याचा अधिकारी. बसचा पैसा त्यांच्या हाती. बदलीचा अधिकार नाही.

ही सूचना मला पटते. पेडण्याचा अधिकारी आज टपाल वर पाठवतो आणि खाली पाठवतो. त्याला पैसे आणि निर्णय यांतले काही दिल्याशिवाय हा वाद दर दोन-तीन वर्षांनी उठेल आणि विरोध झाला की झोपेल, आणि प्रत्येक वेळी पट आणखी दोन मुलांनी कमी असेल. जिल्हा पंचायतीकडे शाळा द्याव्यात असे म्हणणारेही आहेत. ज्या जिल्हा पंचायतीला आज स्वतःचे काम नीट मिळालेले नाही तिच्यावर एकदम एवढा भार टाकायला मी तयार नाही. तालुका पुरेसा जवळ आहे, आणि कोणा एका पॅनलच्या मुठीत मावण्याएवढा लहानही नाही.

पंच : ठीक. पण मी शाळा मिसळायला आत्ता हो म्हणणार नाही. आधी बालवर्ग, दुसरी शिक्षिका आणि बस आमच्या शाळेला देऊन बघा. दोन वर्षं द्या. पट वाढला नाही तर मी स्वतः मुलांना घेऊन त्या शाळेत सोडायला येईन.

बाई : एक वर्ष.

पंच : एका वर्षात पालकांचा विश्वास परत येत नाही, बाई. बालवर्गात आलेलं मूल पहिलीत यायलाच दोन वर्षं लागतात.

बाई : आणि दोन वर्षांत आज पहिलीत असलेली ती एकटी मुलगी तिसरीत जाते. तोवर ती वाचायला शिकली नाही तर?

पंच : ती शिकते की नाही हे दर तीन महिन्यांनी बघू. समितीच्या आयांसमोर, तिला वाचायला लावून. ती मागं पडतेय असं दिसलं तर तिच्यापुरती बस लगेच, दोन वर्षं थांबायचं नाही.

बाई : तिच्यापुरती म्हणजे एका मुलीसाठी?

पंच : एका मुलीसाठी.

बाई : हे ठरावात घाल. आणि बालवर्ग, शिक्षिका, बस या तिन्हींच्या पुढं तारीख लिही. जून लिही. ऑगस्ट आला तर ते वर्ष धरायचं नाही.